दुधातले बुडबुडे

घड्याळजीच्या एका पत्राला मी कधी उत्तर दिलं नव्हतं. ‘तू जन्म ग्रंथालयात काढलास,’ त्याने लिहिलं होतं. ‘लोक तुझा शब्द मानतात. माझ्या दगडाबद्दल दोन ओळी लिहून दे, चौकट करून दारावर लावीन.’ हो म्हणायला मन धजेना, नाही म्हणायला जीभ रेटेना. शाळेपासूनचा मित्र. शिवाय आपलंच चुकत असलं तर? मी पत्र शब्दकोशात ठेवलं आणि शब्दकोश कपाटात.

त्या सकाळी त्याच्या दारात मुंगीला शिरायला जागा नव्हती. घड्याळं दुरुस्त करणं त्याने केव्हाच सोडलं होतं. आता तिथे विष उतरत असे. साप, विंचू, कुत्रं, चावा कुणाचाही असो, उपाय एकच, दगड. लोक त्याला दादा म्हणायचे.

खुर्चीवर माझ्या शेजारची खारूताई बसली होती. वय आठ, स्वस्थ बसणं ठाऊक नाही, म्हणून हे नाव. मनगटाजवळ कुत्र्याच्या दातांची दोन भोकं. मागे तिची आई, शिलाईवाली. धावपळीत गळ्यातली टेप काढायचीही राहिली होती.

“बाजूला व्हा, वारा येऊ द्या!” घड्याळजी बसल्या जागेवरूनच गरजला. एरवी तो गर्दीत फिरत बोलायचा. “हा दगड मी शोधला नाही, यानेच मला शोधलं. विषाचा भुकेला आहे हा! पोट भरल्याशिवाय सोडायचा नाही!”

समोरच्या ताटातल्या दगडांपैकी एक काळा, गुळगुळीत तुकडा त्याने जखमेवर टेकवला. हात उलटा केला. दगड लोंबकळत राहिला. गर्दीने श्वास रोखला. थोड्या वेळाने तो गळून पडला, तसा त्याने दुधाच्या वाटीत टाकला. दुधातून बुडबुडे आले.

“पाहा, विष! दवाखान्यात गेला असतात तर सुया टोचून पोरीची चाळण केली असती!”

खारूताईने तेवढ्यात दुसऱ्या हाताचा अंगठा थुंकीने ओला केला, ताटातला एक दगड त्यावर दाबला आणि हात वर धरला. दगड लटकला.

“आजोबा,” ती मला म्हणाली, “या अंगठ्याला तर कुत्रं चावलंच नाही!”

कुणीतरी हसलं. घड्याळजी अडखळला नाही. “विष अंगभर पसरलंय, पोरी! आणखी एक दगड लागणार. त्याचे पैसे नंतर बघू.”

मी पुढे झालो, बोट ओलं केलं, दगड टेकवला. माझ्याही बोटाला तो चिकटला.

“मलाही काही चावलेलं नाही,” मी म्हणालो. आवाज मलाच धड ऐकू आला नाही.

“तुला पुस्तकं चावलीत!” तो म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. “विचारा याला, मी दोन ओळी मागितल्या तेव्हा नाही म्हणाला का? गप्प बसला. शहाणा माणूस गप्प बसला म्हणजे कबूलच!”

माझी भीड त्याने अशी चारचौघांत विकायला काढली होती.

“आज एवढंच. शक्ती क्षीण झालीय,” असं म्हणून त्याने लगेच सगळ्यांना घालवलं.

बाहेर शिलाईवालीने माझा हात धरला. “काका, खरं सांगा. दवाखान्यात न्यायची का?”

मला कशाचीच कधी खात्री नसते. पण दगड माझ्याच बोटाला चिकटला होता. “न्यायची,” मी म्हणालो.

दवाखान्यात नर्सने आधी नळाखाली साबणाने जखम बराच वेळ धुतली. डॉक्टरीणबाईंनी खारूताईचं वजन केलं.

“लस देतेच आहे,” त्या म्हणाल्या. “पण लशीने शरीराला स्वतःचं सैन्य उभारायला आठवडा-दोन आठवडे लागतात. रेबीजचा विषाणू तोवर थोडाच थांबतो? म्हणून ही प्रतिपिंडं. प्रयोगशाळेत तयार केलेली, सगळी एका साच्यातली. त्या विषाणूला ओळखतात, चिकटतात आणि नसांमध्ये शिरू देत नाहीत. थेट जखमेत आणि तिच्याभोवती टोचायची, आजच. एकदा लक्षणं दिसली की मग आमच्याही हातात काही उरत नाही.”

“म्हणजे चिकटणारं औषध खरंच असतं?” आईने विचारलं.

“असतं. पण ते विषाणूला चिकटतं, ओल्या बोटाला नाही.”

खारूताई ओरडली, रडली, मग नर्सवर रुसली. “पुढचे कोण?” डॉक्टरीणबाईंनी हाक दिली.

बाहेरच्या बाकावर एक माणूस मफलरने तोंड झाकून बसला होता. एक पाय गुडघ्यापर्यंत उघडा, पोटरीवर दातांच्या खुणा. आम्हाला पाहून त्याने मान फिरवली.

“दादा! तुम्हालाही चावलं?” खारूताई म्हणाली.

शिलाईवाली त्याच्यासमोर उभी राहिली. “दगड कुठाय तुमचा?”

त्याने मफलर आणखी वर ओढला.

“काय आहे तो दगड?”

“हाड,” तो पुटपुटला. “गुराचं. बंद डब्यात भाजलेलं. बारीक छिद्रं असतात, ओल शोषतं म्हणून चिकटतं. भिजलं की गळतं.”

“आणि बुडबुडे?”

“छिद्रांतली हवा. साध्या पाण्यातही येतात.”

“मग इतके लोक वाचले कसे?”

“चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं.”

“आणि हे?”

त्याने पायाकडे पाहिलं. “पहाटे माझ्याच अंगणात होतं. तोंडाला फेस होता.”

ती मारेल असं मला वाटलं. तिने मारलं नाही. “माहीत होतं तुम्हाला,” एवढंच म्हणाली. “आणि माझ्या लेकीला घरी पाठवलंत.”

“अरे, तू तरी…” तो माझ्याकडे वळला. पन्नास वर्षांत पहिल्यांदाच मला त्याच्याशी बोलायला भीड वाटली नाही, आणि बोलावंसंही वाटलं नाही.

खारूताईची शेवटची लस झाली त्या दिवशी मी शब्दकोशातून ते पत्र काढलं आणि उत्तर लिहिलं. पाकिटात नाही, उघड्या कार्डावर. वाटेत ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

‘मित्रा, तू दोन ओळी मागितल्या होत्यास. या दारावर लाव.

हा दगड जाळलेलं हाड आहे. घरी बोट ओलं करून स्वतः पाहा, मग कुणावरही विश्वास ठेवा.

कुत्रं चावलं तर जखम साबणाने धुवा आणि तडक दवाखाना गाठा. ज्याचा हा दगड आहे, तोही तिथेच गेला होता.’

खाली मी पूर्ण नाव लिहिलं. टपालपेटीपाशी हात पुन्हा घुटमळला.

“सोडा ना, आजोबा,” सोबत आलेली खारूताई म्हणाली. मी कार्ड सोडलं.