घुगरीसकट

"याडी, घुगरी काढून दे." अंजूने आईपुढे स्टीलचं ताट धरलं आणि त्याच क्षणी तिला कळलं, की आपण काय बोलून बसलो.

टेबलावर पालथी होऊ पाहणारी रुपीबाई थांबली. दोन्ही कानांवर केसांत गुंफलेली चांदीची घुगरी तिच्या छातीपर्यंत लोंबत होती. तांड्यातली बाई ती लग्नात घालते आणि नवरा गेल्यावरच उतरवते.

"तुहा बाप भाईर चहा पिऊन राह्यला," रुपीबाई म्हणाली. "तो जित्ता असतानी तू मले रांडव करतं का वं?"

पडद्याशी बसलेल्या तिच्या भागीदाराने, राजदीपने, हसू दाबलं. अंजूला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच घुगरीचा आवाज ऐकत ती लहानाची मोठी झाली होती, आणि कर्करोग शोधणारं यंत्र बनवताना नेमकी तीच विसरली! लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या शेडमध्ये आजवर आलेल्या यवतमाळच्या बायका मंगळसूत्र मुकाट्याने ताटात काढून ठेवत. यंत्राला धातू चालत नाही, ही अडचण आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं.

यंत्र तसं गुणी होतं. रेडिओलहरींवर चालायचं, जीपमध्ये मावायचं, मोठ्या दवाखान्यांतल्या स्कॅनरच्या मानाने अगदी स्वस्त. बाईने पालथं झोपायचं, टेबलाच्या भोकाखालची कडी स्तनाचं चित्र पडद्यावर दाखवायची. रुपीबाई घुगरीसकट झोपली, तेव्हा पडद्यावर नुसते पांढरे फराटे उमटले. घुगरी मागे बांधली, तरी तेच.

"सारा चांदीचा कचरा हाय," रुपीबाई गेल्यावर राजदीप म्हणाला. "आईले समजावून पाय ना. मूठभर चांदीपायी काम काहून लांबवतं?"

"जमनीमावशी छातीतली गाठ घेऊन दवाखान्यात गेली, तवा लय उशीर झालता," अंजू म्हणाली. "मशीनवालीच्या आईनंच घुगरी नाही काढली, तर पांढरकवड्याच्या तांड्यावरची कोण काढन? बाई नाही बदलाची, राजदीप. मशीन बदलाची."

ती हट्टाला पेटली. पुढचे कितीतरी दिवस दोघांनी यंत्र खोललं, जोडलं, पुन्हा खोललं. राजदीप भांडून घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी येऊन पुन्हा कामाला लागला. शेवटी युक्ती साधीच निघाली. घुगरी काढायची नाही, फक्त हलवायची. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा मागे. चांदी हलली की तिचा फराटाही हलतो. शरीरातलं जे असेल ते जागचं हलत नाही. हलेल तेवढं यंत्राने पुसून टाकायचं.

कापूस वेचणीला आला, तेव्हा रुपीबाई पुन्हा टेबलावर पालथी झोपली. अंजूने स्वतःच्या हातांनी तिची घुगरी इकडची तिकडे केली.

"गुदगुल्या नको करू वं."

पडद्यावरचे फराटे एकेक करून विरत गेले.

"पुसलं! सारं पुसलं, अंजू!" राजदीप ओरडला आणि अंजूच्या बापाला, धरमसिंगला, सांगायला बाहेर धावला.

अंजूची नजर पडद्यावरून हलली नाही. वरच्या कोपऱ्यात ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरा ठिपका उरला होता. तिने घुगरी पुन्हा डावीकडे घेतली. मग उजवीकडे. ठिपका तिथेच होता. यंत्र नुसतं दाखवतं; ते नक्की काय आहे, हे सुईच्या तपासणीशिवाय कळणार नव्हतं. तिला ते पक्कं ठाऊक होतं, तरी तिने घुगरी एकदा मागेही घेऊन पाहिली; ठिपका हलला नाही. बाहेर धरमसिंग मोठ्याने हसत होता.

"झालं का?" रुपीबाईने पालथ्यानेच विचारलं. "चालली ना तुही मशीन?"

"चालली, याडी. एकदम बरोबर चालली."

"मंग तांड्यातल्या बायाहिले सांगू, उद्या या म्हणून?"

अंजूने तिच्या पाठीवर हात ठेवला.

"सांग. साऱ्याहिले सांग. पण उद्या नको. उद्या तू अन् मी नागपूरले जाऊ."