डेलबर्टकाकांच्या तारा

शी! थांबा, हसू नका, आधी ऐका.

काल दुपारी मेळ्याच्या मैदानात गेले ना मी, डेलबर्टकाकांच्या तंबूत. त्यांच्या बँडमधला मँडोलिनवाला टेनेसीला निघून गेलाय, आणि ती जागा मला हवी होती. शाळेत होते तेव्हापासून हवी होती, माहितीये तुम्हाला! आपला लॉनीसुद्धा त्याच जागेसाठी आलेला, त्याच्याच गाडीतून गेलो आम्ही दोघं.

मी माझ्या मँडोलिनवर वाजवलं, आणि काय वाजलं, आई शप्पथ! सगळ्यांचे पाय हलत होते. बँजोवाला म्हणाला, "पोरीचा हात साफ आहे हं." मग काकांनी तळलेल्या बोलोन्याचं, म्हणजे मांसाच्या चकत्यांचं, सँडविच खाली ठेवलं, त्याच तेलकट हातांनी माझं मँडोलिन उचललं, तारा आणि बोटांखालची पट्टी यांच्यातली फट बघितली आणि मेलेला उंदीर हातात दिल्यासारखं तोंड केलं.

"या तारा आहेत की केस? आणि पट्टीवर झोपल्यात नुसत्या!"

"पण काका, आवाज ऐकलात ना?"

"दुखल्याशिवाय आवाज येत नाही, बाळ. आपल्यात ड्रम नसतो, ठेका मँडोलिननेच द्यायचा. हे माझं घ्या. याच्यावर जो वाजवेल त्याला जागा."

काकांच्या तारा म्हणजे कुंपणाची तार! तारा उचलून धरणारी घोडी इतकी चढवलेली की तारांखालून पेन्सिल जाईल. दाबायला बोट नाही, पक्कड पाहिजे.

आधी लॉनी. सराव करून करून त्याची बोटं फाटलेलीच होती. त्याने खिशातून फेविक्विकसारखा गोंद काढला, चिरांमध्ये ओतला आणि फुंकर मारत बसला.

"लॉन्या, काय करतोयस हे?"

"गप गं. सगळे करतात."

सुरुवात बरी झाली. मग लय वाढली आणि गोंद निघाला, कातडीसकट! रक्त पट्टीवर ओघळतंय, आणि हा थांबेना. म्हातारे टाळ्या पिटतायत! एकाने तर आपले घट्टे पुढे केले, "हे बघ माझे!" लगेच दुसऱ्याने आपले काढले. बाजारात वांगी दाखवावीत तशी बोटं दाखवत होते एकमेकांना. तंबाखू थुंकायचा कप मध्येच, त्यावर माश्या.

मग माझी पाळी. तारा काळ्या, चिकट, आणि एका तारेला लॉनीच्या कातडीचा तुकडा लटकतोय.

"अहो, आधी पुसा तरी!"

"पुसलं की आवाज जातो," काका म्हणाले. सगळे खदाखदा हसले.

वाजवता आलं असतं मला. खरंच आलं असतं. पण माझं बोट त्या तारेजवळ जाईचना. मी मँडोलिन खुर्चीवर ठेवलं. "नको मला तुमची जागा."

"नाजूक आहे," कोणीतरी म्हणालं. जागा लॉनीला मिळाली.

त्याला स्टिअरिंग धरवेना, म्हणून गाडी मीच काढली. हा शेजारी बसून दात काढतोय. "मिळाली गं! शनिवारी स्टेजवर!"

"वाजवणार कशाने? कोपराने?"

"तोपर्यंत भरेल." आणि तोच हात माझ्यासमोर धरला, लाल, थबथबलेला. "टाळी दे ना!"

शी! मी नाही दिली. तो हात तसाच धरून बसला होता, पार मैदानाच्या फाटकापर्यंत.