पथ्य ते पथ्य

बाबा चोरून गोड खातात, याबद्दल तिच्या मनात आता शंका उरली नव्हती. प्रश्न एवढाच होता, की कुठे.

आई जाऊन सात महिने झाले होते आणि बाबांना मधुमेह असल्याचं कळून चार. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पथ्याचा छापील कागद दिला. बाबांनी गोळ्या नेमाने घेतल्या. तरी परवाच्या तपासणीत साखर उतरायच्या ऐवजी वर चढलेली निघाली. डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम दिसू लागलाय, आता हयगय नको, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं. बाबा घड्याळं दुरुस्त करत. चाळीस वर्षं उजव्या डोळ्याला भिंग लावून बसलेला माणूस. गेल्या आठवड्यात एका बाईचं नाजूक मनगटी घड्याळ त्यांनी ‘जमणार नाही’ म्हणून परत केलं होतं. हेही त्यांनी सांगितलं नाही. शेजारच्या चष्मेवाल्याने सांगितलं.

आमच्या घराला रंग काढलाय, असं खोटंच सांगून ती चार दिवस राहायला आली. आई नसताना याला माहेर म्हणायचं की बाबांचं घर, हे तिचं अजून ठरत नव्हतं.

“या, फौजदार,” बाबा दार उघडत म्हणाले.

पहिल्याच दिवशी तिने साखरेच्या डब्यात चमच्याने एक रेघ ओढून ठेवली. दुसऱ्या दिवशी रेघ जशीच्या तशी. तिने कोटाचे खिसे दोनदा उलटे केले, कचऱ्याची टोपली पाहिली, गादीखाली हात घालून पाहिला. समोरच्या काकूंना आडून आडून विचारलं, तर त्यांनाच राग आला. वाढदिवसाच्या केकचा तुकडासुद्धा तुझ्या बाबांनी परत पाठवला, म्हणाल्या. दुकानासमोरच्या चहावाल्याला तिने सरळच गाठलं.

“ताई, तुमच्या बाबांचा चहा म्हणजे रंगीत गरम पाणी,” तो म्हणाला. “मला तर द्यायची लाज वाटते.”

तिचा विश्वास बसला नाही. सगळी त्यांचीच माणसं. शिवाय रात्री तिने वाढलेली डाळ आणि पालेभाजी बाबा ताटाच्या कडेला सारत आणि नुसता भात खात. बाहेर काहीतरी चरून आल्याशिवाय माणूस असं जेवत नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं.

तिसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी ती न सांगता दुकानात जाऊन उभी राहिली. बाबांनी घड्याळांचे सुटे भाग बाजूला सरकवून सकाळी स्वतःच भरून आणलेला डबा उघडला होता. पांढऱ्या भाताचा ढीग, उकडलेला बटाटा, पांढऱ्या पावाचे दोन काप. गोड म्हणून काही नाही.

“डाळ? भाजी?” तिने विचारलं.

“वर्ज्य आहे.”

“कुणी सांगितलं?”

“तुझ्या आईने,” बाबा म्हणाले आणि घास घेतला.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार उघडून दाखवलं. दाराच्या आतल्या बाजूला आईच्या गोल, मोठ्या अक्षरातली यादी चिकटवलेली होती. डाळी, नावापुरत्या. पालेभाज्या, नाही. टोमॅटो, नाही. कोंड्याचा पाव, नाही. पांढरा पाव, चालेल. पांढरा भात, चालेल. बटाटा, चिरून भिजवून, पाणी फेकून. साखर, चालेल. ही शेवटची ओळ तेवढी वेगळ्या शाईने खोडलेली.

“ती मी खोडली,” बाबा म्हणाले. “एवढं कळतं मला.”

तिने यादी पुन्हा वरून खाली वाचली.

“बाबा, ही किडनीची यादी आहे. आईची.”

“पथ्य ते पथ्य. चार वर्षं काढली तिने यावर.”

“आणि डॉक्टरांनी दिलेला कागद?”

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. “त्याचं अक्षर फार बारीक आहे,” ते म्हणाले.

दोनदा खिसे उलटे करताना तो कागद दोन्ही वेळा तिच्या हाताला लागला होता. घडी मोडलेली नव्हती. तिने तो परत आत ठेवला होता, कारण ती शोधत होती खाऊ.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ बाईंनी तिने मोबाइलवर काढून आणलेला यादीचा फोटो आणि डॉक्टरांचा कागद शेजारी ठेवून वाचले. बाबांच्या किडनीचे रिपोर्ट चांगले होते, तेव्हा डाळी, पालेभाज्या, टोमॅटो त्यांनी जरूर खावं; कमी करायचा तो भात, पांढरा पाव, बटाटा. साखर सोडली ते बरंच केलं, पण भाताचीही पोटात साखरच होते, असं त्या म्हणाल्या.

“म्हणजे तिला जे वर्ज्य, ते मला चालणार?” बाबांनी विचारलं.

“बरंचसं.”

बाबांनी आधी बाईंकडे आणि मग मुलीकडे पाहिलं, जणू दोघींनी आधीच संगनमत केलंय. बाहेर पडल्यावर जिन्यात थांबून ते म्हणाले, “तुला तो कागद दारावरून काढायचाय. म्हणून चाललंय हे सगळं.”

“कागद राहू दे तिथेच,” ती म्हणाली. “ताट बदला. मला तुमचे डोळे हवेत.”

बाबा तिच्या पुढे होऊन जिना उतरले.

रात्री तिने घट्ट डाळ केली, पालेभाजी केली, भात वाटीभरच ठेवला आणि टोमॅटो चिरून ताटलीत मांडला. बाबांनी डाळ खाल्ली, भाजी खाल्ली. टोमॅटोकडे मात्र नुसते बघत राहिले.

“चार वर्षं घरात आला नाही हा,” ते म्हणाले. “तिचा जीव होता यावर. तिच्यासमोर कसा खायचा, म्हणून मीही सोडला.”

तिने मीठ त्यांच्याजवळ सरकवलं आणि पुन्हा मागे घेतलं.

“त्या बाईंना नक्की विचारलंस ना?”

“विचारलं.”

“दोनदा?”

“दोनदा.”

बाबांनी एक फोड उचलली आणि मुद्देमालासह पकडल्या गेलेल्या माणसासारखं मान खाली घालून, हळूहळू खाल्ली. मग उठले, कपाटाचं दार नीट लागलंय ना ते दाबून पाहिलं, आणि परत येऊन दुसरी घेतली.