चिमणीला सोडून

चर्चच्या भिंतींना तडे गेले होते आणि मंडळीतली बहुतेक घरं नदीपलीकडच्या नव्या वस्तीत राहायला गेली होती. तिकडे एक सभागृह मिळत होतं. जायचं की नाही ते ठरवायला पाळकांनी रविवारी उपासनेनंतर सगळ्यांना थांबवून घेतलं. पण सगळ्यांच्या नजरा फिरून फिरून सुतारावर आणि त्याच्या बायकोवर जात होत्या. त्यांची एकुलती एक लेक, चिमणी, तापानं गेली होती. तिची कबर चर्चच्या मागच्या खिडकीखालीच होती.

ही चिमणी ‘आमेन’ इतक्या मोठ्यानं म्हणायची, की पाळक हसून म्हणायचे, “झालं, आता न ऐकायची देवाची काय बिशाद!”

“वहिनी,” पाळक म्हणाले, “तुम्ही नको म्हणालात तर विषय इथेच संपला.”

ती उठायच्या आतच नवरा उभा राहिला. “जाऊ या,” तो म्हणाला आणि मटकन खाली बसला.

एकेक करत हात वर झाले. तिचे हात मांडीवरच राहिले.

घरी तिनं त्याला ताट वाढलं, स्वतः घेतलं नाही.

“चारचौघांत सांगितलंत. घरात एका शब्दानं बोलला नाहीत.”

“घरात तुझ्याकडे बघून बोलता आलं नसतं.”

“अहो, लेकराला तिथे एकटं टाकायचं?”

त्यानं घास खाली ठेवला. “अगं, त्या खिडकीपाशी बसलो की एक अक्षर कानात शिरत नाही. तिचं तापलेलं अंग तेवढं आठवतं. मला एकदा तरी धड प्रार्थना करायची आहे.”

“आणि मला ती फक्त तिथेच करता येते,” ती म्हणाली.

चर्चमधले बाक त्यानंच बनवले होते, नव्या जागेत न्यायला सोडवलेही त्यानंच. ती दारात उभी राहून बघत होती. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

नव्या जागेतल्या पहिल्या रविवारी तो एकटाच गेला. ती कबरीपाशी बसून राहिली. रिकाम्या चर्चमध्ये गाणं नव्हतं, कुणाचं खोकणंसुद्धा नव्हतं. तिलाही त्या दिवशी प्रार्थना सुचली नाही.

तो परतल्यावर तिनं विचारलं, “जमली का प्रार्थना?”

“नाही. दार वाजलं की वाटायचं, तू आलीस.”

पुढच्या रविवारी येते, असं म्हणावं म्हणून तिनं तोंड उघडलं. पण जीभ रेटेना. ती चहाचं आधण ठेवायला उठली, आणि तो भिंतीकडे तोंड करून आडवा झाला.