काळी पाटी

"मावशी, तुम्हाला परवानगी नाही असं म्हणतंय हे," संगणकवाला खुर्ची मागे सरकवत म्हणाला.

"ते मला रोजच दिसतंय. तेवढंच तर नीट दिसतंय!" मावशी उखडल्या.

हुद्द्याने त्या टंकलेखिका, पण अख्ख्या कचेरीच्या मावशी. डोळ्याच्या ऑपरेशननंतर पांढऱ्या पडद्याकडे पाहिलं की डोळ्यांना धारा लागायच्या, अक्षरं एकमेकांत मिसळायची. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं मिळाली असती तर काम भागलं असतं. पण कचेरीतल्या संगणकांवर नवीन लिनक्स प्रणाली आली होती, आणि पडद्याची थीम, म्हणजे रंगसंगती, बदलायलासुद्धा संगणकवाल्याचा पासवर्ड लागत होता. आपल्याच पडद्याचा रंग आपण बदलायचा नाही, म्हणजे कमालच झाली! इकडे चुका वाढत होत्या. आता सुधारणा दिसली नाही, तर खाली जावक विभागात पाकिटं चिकटवायला पाठवीन, असं हेडक्लार्कनी बजावलं होतं. उभा जन्म अक्षरांत गेलेल्या बाईला ते फार लागलं होतं.

"तुमचा पासवर्ड घाला ना. काय बिघडतंय?"

"नियमात बसत नाही हो."

"मग मी कुठे बसू? पाकिटांच्या ढिगावर?"

संगणकवाल्याने इकडेतिकडे पाहिलं आणि घाईघाईने पासवर्ड घातला. पडदा काळा झाला. एकेक अक्षर सुटं दिसू लागलं. मावशींनी कागद पुढे ओढला आणि त्यांची बोटं धावू लागली.

तेवढ्यात पलीकडून ओरडा झाला. "अरे, माझा पडदा काळा कसा झाला?"

"माझाही!"

घाईत त्याने थीम एकट्या मावशींच्या खात्यात न टाकता सगळ्यांच्याच खात्यांना लावली होती. हेडक्लार्क तणतणत आले. "कुणाचे उद्योग हे?"

संगणकवाला आपल्या टेबलाकडे धावला. "साहेब, आत्ता होतं तसं करतो. मावशींचं तेवढं राहू दे का?"

"कुणाचंही नाही. एकाला दिलं की उद्या सगळे मागतील."

मावशींनी मान वर केली नाही. त्यांनी शेवटचा पूर्णविराम दिला, पान छापायला सोडलं, आणि लगेच पडदा पांढराफटक झाला. डोळे पुसत त्यांनी ते पान हेडक्लार्कसमोर धरलं.

"चूक काढा."

हेडक्लार्कनी वरपासून खालपर्यंत वाचलं. परत वाचलं. "चांगलं आहे. पण नियम..."

"असू द्या. पाकिटं चिकटवायला तुमच्या पडद्याची परवानगी लागत नाही."

पर्स खांद्याला लावून मावशी जावककडे निघाल्या. जिन्याच्या पायऱ्या धूसर दिसत होत्या. त्यांनी कठडा धरला नाही.