उसना नेलेला दिवा

मी पाच वातींचा पितळी दिवा बोलतोय. राहतो देवळात, पण माझं घर समोरचा विहार. होतं, म्हणायला हवं.

तेलाच्या एका व्यापाऱ्यानं मला घडवून घेऊन विहाराला दान दिलं. संध्याकाळी बुद्धाच्या मूर्तीपुढे मला लावत आणि माझ्या उजेडात म्हातारे भन्ते पोथी वाचत. लोक ऐकत, शंका काढत, कधी चक्क भांडत. एक विणकरीण म्हणायची, "भन्ते, हाव सोडा हे मला काय सांगता? आमच्या ह्यांना सांगा की!" सगळे हसत. भन्ते सर्वांत आधी.

पुढे समोर देऊळ झालं. बारसं असो, लग्न असो, देऊळ माणसाच्या संसारात उतरलं. गिऱ्हाईक जिकडे, दुकान तिकडे! व्यापाऱ्याच्या नातवानं विहाराचं तेल देवळाकडे वळवलं. शत्रूबित्रू कोणी आला नाही हो, नुसतं तेल आटलं.

मग देवळातल्या एका लग्नासाठी नातवानं मला उसना नेलं. "उद्या आणून देतो, भन्ते." तो उद्या काही उगवला नाही.

शेवटी भन्तेच आले, भिंत चाचपत. "शेठ, दिवा न्यायला आलोय. अक्षर दिसत नाही. दोन-चार माणसं अजून येतात ऐकायला."

"अहो भन्ते, बुद्ध म्हणजे आमच्या विष्णूचाच अवतार. दिवा इथे जळला काय, तिथे जळला काय, एकच!"

भन्ते हसले. "एकच असेल, तर तिथेच जळू दे की."

शेठनं माझ्यात आणखी तेल ओतलं. पण मला त्यानं दिलं नाही. भन्ते आले तसे भिंत चाचपत गेले. आणि मी? ताज्या तेलावर झकास तेवत होतो. साधा फडफडलोही नाही.

शेठची बायको शेजारीच होती. "अहो, आजोबांचं दान परत घेतलंत, आणि वर देवाच्या आड लपता?"

"तुला व्यवहार कळत नाही."

"कळतो, म्हणूनच बोलतेय."

ते त्याला लागलं. बरीच टंगळमंगळ करून एका संध्याकाळी तो मला तेल भरून विहारात घेऊन गेला. पोथीचा चौरंग रिकामा. दाराशी एकटी विणकरीण.

"भन्ते कुठेत?"

"दिसेना, तसं वाचणं थांबलं. ऐकणारे पांगले. मग तेही गेले पोथी घेऊन, कुणी ऐकेल तिथे."

"कुठे पण?"

"कोण जाणे! तेव्हा विचारायला आला होतात का?"

शेठनं मूर्ती गाडीत घातली, देवळात अवतारांच्या रांगेत बसवली आणि मला तिच्यापुढे ठेवलं. "आता तरी झालं ना?" त्यानं बायकोला विचारलं. तिनं समोरच्या रिकाम्या विहाराकडे बोट दाखवलं.

शेठ गेला, त्याचे पणतू गेले. मला तेल कधी कमी पडलं नाही. लोक येतात, मूर्तीला हात जोडतात आणि पुढच्या देवाकडे सरकतात. बसत कोणी नाही.

तुम्ही आलात तर जरूर हात जोडा. पण जरा बसा, एखादी शंका काढा, वाटलं तर भांडा. उत्तर द्यायला कोणी नाही, हे मला ठाऊक आहे. उजेडाची मात्र काळजी नको. तेवढा राहिलाय.