टेबलाखालचं बटण

चंपतरावांचा कोणावरही विश्वास नव्हता, आणि याच गुणासाठी त्यांना चौतीस वर्षं पगार मिळत होता. दूधवाल्याच्या मापापासून सोयऱ्यांच्या हसण्यापर्यंत प्रत्येक गोष्टीत त्यांना कुठेतरी पाणी मुरताना दिसायचं. सुरक्षा दलात शिपाई म्हणून लागले, देशभरातली विमानतळं पालथी घातली आणि निवृत्तीला दीड वर्ष उरलं असताना नागपूरला, आपल्या घरी येऊन टेकले. प्रताप नगरात स्वतःचं घर, सकाळी पोहे, दुपारी ड्यूटी. आणखी काय पाहिजे माणसाला, असं त्यांची बायको प्रेमिलाबाई म्हणायची. चंपतरावांना मात्र एवढ्या सुखात काहीतरी काळंबेरं असणार असंच वाटे.

त्यांची ड्यूटी क्रूच्या गेटवर होती. पायलट, हवाई सुंदऱ्या ही मंडळी रोज उठून विमानतळावर येणार. त्यांना दर वेळी प्रवाशांच्या रांगेत उभं करून बूट-बेल्ट काढायला लावलं तर विमान उडायचं कधी? म्हणून वर्षभरापासून त्यांच्यासाठी वेगळा रस्ता केला होता. ज्याची आधीच सगळी चौकशी होऊन नाव नोंदलं गेलंय त्याने कार्ड लावायचं, बोट टेकवायचं. हिरवा दिवा लागला की बॅग न उघडता सरळ आत. लाल लागला तर बाजूच्या टेबलावर बॅग ठेवायची आणि आतली चीजवस्तू एकेक करून बाहेर काढून दाखवायची. लाल कोणाला लागेल ते यंत्र आपल्या लहरीने ठरवायचं, वीस-पंचवीस जणांत एखाद्याला. त्यामुळे कोणी रागावत नसे. यंत्रावर रागावून काय करणार?

पण चंपतरावांच्या टेबलाखाली एक बटण होतं. गेटवरच्या माणसाला कोणाची शंका आली तर त्याने ते गुपचूप दाबायचं. समोर लाल दिवा लागायचा आणि तो बिचारा यंत्राला बोल लावत टेबलाकडे वळायचा. क्रूपैकी कोणाला या बटणाचा पत्ता नव्हता. चंपतरावांनी ते वर्षभरात अकरा वेळा दाबलं होतं आणि दोनदा खरोखर काहीतरी सापडलं होतं. ही गोष्ट ते घरी जेवताना मोठ्या अभिमानाने सांगत.

बाराव्यांदा दाबलं ते पियूषसाठी. पियूष मूळचा सावनेरचा, पायलट, आणि चंपतरावांचा होणारा जावई. त्यांची एकुलती एक मुलगी अपेक्षा पुण्याला शिकून आली होती आणि हिंगण्याच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत काम करत होती. तिची आणि पियूषची ओळख होती, मग घरच्यांनी बोलणी केली, आणि साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, महिन्यावर आलं होतं. मुलाकडच्यांनी काही मागितलं नव्हतं. मुलगा दारूला शिवत नव्हता. शेजारीपाजारी म्हणाले, पोरीनं नशीब काढलं. चंपतरावांच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली.

"एवढा चांगला पोरगा आपल्याच घरी काहून येऊन राहिला?" त्यांनी ताटावर बसल्या बसल्या विचारलं. अपेक्षा खाली पाहून जेवत राहिली. वडिलांच्या अशा प्रश्नांना उत्तर न देण्याची सवय तिने फार पूर्वी लावून घेतली होती.

कारण चंपतरावांचा संशय घरात शिरताना चप्पल बाहेर काढून येत नसे. अपेक्षा आठवीत गेली तेव्हापासून, सुट्टीवर घरी आले की ते तिचं दप्तर उलटंपालटं करून बघायचे. त्याला ते काळजी म्हणत. इतक्या वर्षांत त्यांच्या हाती एक शुभेच्छापत्र लागलं होतं, तेही मैत्रिणीचं. हौसेनं घेऊन दिलेली स्कूटी अंगणात धूळ खात पडलीय आणि पोरगी कंपनीच्या बसने जाते, हे लक्षात आल्यावर एके दिवशी ते मोटरसायकल काढून बसच्या मागे पार हिंगण्यापर्यंत गेले होते. बसमध्ये चाळीस दमलेली माणसं होती आणि त्यातली निम्मी झोपली होती. तरीही चंपतरावांचं समाधान झालं नाही.

पियूषची फेरी मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी असायची. पहिल्या मंगळवारी तो "नमस्कार काका" म्हणत आला, कार्ड लावलं, बोट टेकवलं. चंपतरावांनी नमस्कार घेतला आणि दुसऱ्या हाताने बटण दाबलं. बायकोला नवरा कळायला दहा वर्षं लागतात, आपल्याला बॅग उघडल्यावर दहा मिनिटांत कळतो, असा त्यांचा हिशेब. बॅगेत दोन शर्ट निघाले, चार्जर निघाला, कंगवा, आईने दिलेला चिवड्याचा डबा. संशय घेण्याजोगं एवढंसुद्धा काही नव्हतं. ज्याच्या बॅगेत काहीच नाही त्याने ते आधी काढून ठेवलेलं असतं, असं चंपतरावांनी स्वतःला समजावलं.

गुरुवारी पुन्हा लाल. पुढच्या मंगळवारी पुन्हा. आता पियूष हसायला लागला. "काका, या मशीनले माझ्याशिवाय दुसरं कोणी दिसतच नाही वाटते," तो म्हणाला आणि निमूटपणे बॅग उघडून उभा राहिला. शेजारी पडद्यावर बॅगा बघणारा गिरिधर चंपतरावांकडे टक लावून पाहत होता. त्याला बटणाचं सगळं ठाऊक होतं. चहाच्या वेळी त्याने हळूच सुचवून पाहिलं की बटण सरकारी कामासाठी आहे, सोयरीक बघण्यासाठी नाही. चंपतरावांनी त्याला तिथल्या तिथे गप्प केलं. त्या दिवसापासून त्यांना गिरिधरचीही शंका यायला लागली.

मग त्या आठवड्याच्या गुरुवारी दाढीच्या सामानाच्या पिशवीत, तोवर न उघडलेल्या आतल्या कप्प्यात, गोळ्यांची एक पट्टी सापडली. दहातल्या दोन संपलेल्या. पियूषचा हात झटकन पुढे आला आणि त्याने पिशवीची चेन लावून टाकली. गोळ्या आहेत काका, साध्या, एवढंच तो म्हणाला. कोणाच्या, असं विचारणं सोपं होतं. पण विचारलं की समोरचा सावध होतो, हा चंपतरावांनी नोकरीत गिरवलेला धडा. त्यांनी मान डोलावली, पियूषला जाऊ दिलं आणि चेन लागायच्या आत वाचलेलं नाव तळहातावर लिहून घेतलं.

संध्याकाळी घरी जाण्याआधी ते चौकातल्या महादेवरावांच्या औषधाच्या दुकानात गेले. महादेवरावांनी चष्मा वर करून तळहात वाचला. "ही फिटची गोळी आहे. मिरगीच्या पेशंटले देतात," ते म्हणाले आणि कोणासाठी पाहिजे म्हणून विचारू लागले. चंपतराव तळहात मिटून बाहेर पडले.

विमान ढगात आहे, मागे पावणेदोनशे माणसं शेंगदाणे खात बसलीत, आणि पुढे चालवणारा पोरगा डोळे पांढरे करून कोसळतो, हे चित्र त्यांच्या डोळ्यांसमोरून हलेना. भीती खरी होती, त्यात खोट काढता येणार नाही. पण तिच्या तळाशी आणखी एक गोष्ट होती आणि ती लपवण्यात अर्थ नाही. चंपतरावांना आनंद झाला होता. एवढ्या वर्षांत घरचे, दारचे, सगळे त्यांना हसले होते, आणि शेवटी त्यांचंच नाक खरं ठरलं होतं.

घरी त्यांनी अवाक्षर काढलं नाही. मंगळवारी पियूष आला, लाल दिवा लागला, पट्टी तिथेच होती, आणखी एकही गोळी कमी झालेली नव्हती. ही गोष्ट एखाद्याला खटकली असती. चंपतरावांना खटकली नाही, कारण त्यांना हवं ते सापडलं होतं. त्यांनी साहेबांना बोलावलं आणि आधीच लिहून ठेवलेला अर्ध्या पानाचा कागद पुढे केला. लेकीचं साक्षगंध तोंडावर असताना बाप होणाऱ्या जावयाविरुद्ध कागद देतो, याला काळीज लागतं, असं साहेब नंतर म्हणाले. ते वाक्य चंपतरावांनी मनात जपून ठेवलं.

पियूषला विमानात चढू दिलं नाही. आतल्या खोलीत कंपनीचा अधिकारी, साहेब आणि चंपतराव असे तिघं त्याच्यासमोर बसले. या गोळ्या माझ्या नाहीत, तो म्हणाला. मग कोणाच्या? ते मी सांगू शकत नाही सर, माझं रक्त तपासा, पाहिजे त्या तपासण्या करा. तीन-तीनदा विचारलं तरी तेच उत्तर. अधिकाऱ्याने सांगितलं की तपासण्या करूच, पण गोळ्या कोणाच्या ते सांगितल्याशिवाय हे प्रकरण मिटणार नाही, आणि तोवर विमान चालवणं बंद. दुसरा पायलट मिळेपर्यंत तीन तास गेले, प्रवाशांनी नुसता गोंधळ घातला. पियूषने आपलं कार्ड टेबलावर ठेवलं आणि जाताना एकदा चंपतरावांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. चोर सापडला की त्याचा राग ओसरतो, हे चंपतरावांनी खूपदा पाहिलं होतं, म्हणून त्यांनी त्या नजरेचा तोच अर्थ लावला.

ते घरी आले तेव्हा प्रेमिलाबाई मेथी निवडत होत्या आणि अपेक्षा नुकतीच बसमधून उतरून आली होती. चंपतराव खुर्चीवर बसले आणि त्यांनी पहिल्यापासून सगळं सांगितलं. पाच वेळा बटण कसं दाबलं, पट्टी कशी हेरली, नाव तळहातावर कसं लिहून घेतलं. त्या पोराला फिट येतात, त्याने सगळ्यांपासून लपवलं, आपण थोडक्यात वाचलो. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की बायको आपल्याकडे पाहतच नाहीये. ती लेकीकडे पाहत होती, आणि मेथीची जुडी तिच्या हातात तशीच राहिली होती.

"बाबा," अपेक्षा म्हणाली, "त्या गोळ्या माझ्या आहेत."

चंपतरावांना आधी वाटलं, पोरगी त्याला वाचवायला खोटं बोलतेय. त्यांनी संशयाने तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने केस मागे सारले आणि कपाळाच्या वरची जुनी खूण दाखवली. बसच्या पायरीवरून पडले, असं तिने तेव्हा सांगितलं होतं. ती पडली होती पुण्याच्या वसतिगृहात, मोरीत, आणि ती पहिली फिट होती. साडेतीन वर्षं झाली. रोज दोन गोळ्या. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती, म्हणून स्कूटी अंगणात होती. मागच्या वर्षी अंबाझरीच्या बागेत ती गोळी विसरली आणि पुन्हा पडली. पियूष सोबत होता. त्याला तिने सगळं दुसऱ्याच भेटीत सांगितलं होतं. बागेतल्या त्या दिवसापासून तो एक पट्टी स्वतःच्या बॅगेत ठेवायचा, न जाणो लागली तर, आणि बाबांना सांगणार नाही असं वचन तिने त्याच्याकडून घेतलं होतं.

प्रेमिलाबाईंना ठाऊक होतं. लेकीच्या गोळ्या त्यांच्या जिऱ्याच्या डब्यामागे असायच्या, कारण घरात चंपतराव तेवढीच एक जागा तपासत नसत. पियूषच्या आईवडिलांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते एकट्या चंपतरावांना.

"मले काहून नाही सांगतलं वं?" चंपतरावांनी विचारलं.

"तुम्ही कधी विचारलं, बाबा? तुम्ही तं तपासता."

हे ती रागाने बोलली नव्हती, आणि तेच चंपतरावांना सहन झालं नाही. ती ओरडली असती तर तेही ओरडले असते आणि निभावून गेलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणावरच शंका घेता येईना. त्यांना भयंकर लाज वाटली आणि ती लपवायला जागा नव्हती.

अपेक्षाने आत जाऊन डॉक्टरांची फाइल आणली. गोळ्या कोणाच्या ते लिहून द्यायचं होतं, तपासण्यांचे कागद जोडायचे होते, तेव्हा कुठे पियूषवरचा डाग निघणार होता. उद्या सकाळी जाऊ, असं चंपतराव पुटपुटले. आज, ती म्हणाली. त्यांच्याच ऑफिसात, त्यांच्याच साहेबांपुढे, साडेतीन वर्षं झाकून ठेवलेलं सगळं तिला उघड करावं लागणार होतं. गिरिधर वाचेल, गेटवरची पोरं वाचतील. चंपतरावांच्या एका कागदाची भरपाई म्हणून पोरगी आपली फाइल घेऊन निघाली होती.

त्यांनी मोटरसायकल काढली. ती मागे बसली, फाइल छातीशी धरून. ते वर्धा रोडला लागले. चंपतराव गाडी वीसच्या वर जाऊ देत नव्हते, मागून लोक हॉर्न वाजवून वैतागत होते. आत्ता, या क्षणी मागे काही झालं तर आपल्याला काहीच येत नाही, हे त्यांना राहून राहून टोचत होतं.

"अपेक्षा," त्यांनी मान न वळवता विचारलं, "आली तं काय कराव लागते? कांदा हुंगवाव का?"

"नाही बाबा. कांदा नाही, चप्पल नाही. एका कुशीवर वळवाचं. तोंडात काही घालाचं नाही. किती वेळ झाला ते घड्याळात पाहाचं."

"अन मंग?"

"मंग काही नाही. शुद्धीवर येईपर्यंत जवळ थांबाचं. पियूष अर्धा तास थांबला होता."

चंपतरावांनी गाडी आणखी हळू केली.